पंचनाम्यातला ‘इतर’ रकाना

3 जून 2020ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं, त्यानंतर काही दिवसांनी आमच्या वाडीत पंचनामा झाला. तोंडाला मास्क लावलेले दोघेजण, एकाच्या हातात पॅड. बारा गुंठ्यांच्या वाडीत पाऊल टाकायला जागा नव्हती. आडव्या सुपाऱ्यांवरून उड्या मारत ते मोजत होते आणि सासूबाई त्यांच्या मागोमाग. सुपारी 140, नारळ 19, आंबा 2, फणस 1. मग सासूबाई म्हणाल्या, “बाळा, रातांबा धरलास काय?”

कागदावर रातांब्याला, म्हणजे कोकमाच्या झाडाला, रकाना नव्हता. पोरगा भला होता. त्याने थोडा विचार केला आणि ‘इतर’ असं लिहून पुढे 1 टाकला.

हा रातांबा माझ्या आजेसासूबाईंनी लावलेला. आगळ, आमसुलं, भिरंड तेल, सगळं त्याचंच. आळीतल्या निम्म्या घरांच्या सोलकढीला तो पुरायचा आणि त्या बदल्यात वर्षभर आमच्याकडे काही ना काही येत राहायचं. कुणाचे पावटे, कुणाची सुकी मासळी, कुणी चुलीला पाटी भरून शेंडक्या टाकून जायचं. हे सगळं ‘इतर, 1’.

गावातल्या वाचनालयात मी आठवड्यातून तीन दिवस बसते. वादळानंतर वीज यायला बरेच दिवस लागले, करोनामुळे लोकही येत नव्हते, म्हणून खिडकीच्या उजेडात वाचत बसायचे. युद्ध, दुष्काळ, पूर, बॉम्ब, अणुभट्टीचा स्फोट अशा विषयांवरची पुस्तकं मी त्या दिवसांत ओळीने वाचली. आवड म्हणून नाही, दुसरं काही वाचवतच नव्हतं. या पुस्तकांना आपण सरसकट ‘दुःखाची पुस्तकं’ म्हणतो आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून देतो. पण ती एकसारखी नसतात. कुठलं काय मोजतं आणि कुठे मोजायचं थांबतं, हे कळलं की ती वाचायला सोपी जातात. तेच इथे मांडते आहे.

आधी थोडं वाडीबद्दल, कारण पुढे ते लागणार आहे. सुपारीची बाग म्हणजे रांगेत लावलेलं शेत नव्हे. वर नारळाचं छत, त्याखाली सुपारी, सुपारीच्या अंगावर मिरीचा वेल, मधेमधे जायफळ, केळी. सुपारीला कडक ऊन सोसत नाही. दक्षिण-पश्चिमेकडून येणारं उन्हाळ्याचं ऊन खोडावर पडत राहिलं तर खोड भाजतं, चिरतं आणि एखाद्या वाऱ्यात तिथेच मोडतं. आमच्या वाडीत वादळानंतर साठेक सुपाऱ्या उभ्या होत्या. पंचनाम्यात त्या ‘शाबूत’. पण त्यांच्यावरचे नारळ आणि आंबे गेले होते. पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्यातल्या निम्म्या करपल्या. पडलेले नारळाचे ओंडके उचलायला मजूर मिळेना, ते कुजले, कुजल्या ओंडक्यांत गेंड्या भुंग्याने अंडी घातली, आणि भुंगे उरलेल्या नारळांच्या शेंड्यात शिरले. वादळ काही तासांचं. वाडीचं मरण तीन वर्षं चाललं.

म्हणून कुठलंही असं पुस्तक हातात घेतलं की मी आधी पाहते, यांनी पंचनामा कुठल्या दिवशी केला?

सुरुवात आपल्या रायगड जिल्ह्यातल्याच माणसापासून करते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेलं. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार, भरघोस दक्षिणा मिळेल असं ऐकून हा भिक्षुक 1857 साली चुलत्यांबरोबर निघाला. वाटेतच शिपाई उठल्याची बातमी लागली. मागे फिरायचं सोडून ते पुढेच गेले आणि 1858च्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा गोडसे शहरातच होते. पुढचे काही दिवस झालेलं बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, त्यांनी जीव मुठीत धरून पाहिलं. ‘माझा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक बहुतेकांना राणी लक्ष्मीबाईंमुळे माहीत असतं. मला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. लढाया लिहिणारे लोक कोण जिंकलं ते सांगतात. हा भटजी सांगतो की शहर पडल्यावर शहरात काय उरतं. तो सेनापती नाही, कवी नाही, इतिहासकार तर नाहीच. कर्ज फेडायला निघालेला माणूस आहे. त्यामुळे त्याची नजर सतत जमिनीवर असते: काय खाल्लं, कुठे लपलो, कुणी लुटलं, जवळ काय उरलं. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली तेही त्यांनी आवर्जून लिहिलं आहे. पोथ्यांवर जगणाऱ्या माणसाला ते दिसणारच.

आता या पुस्तकाचीच तारीख पाहा. प्रवास 1857 ते साधारण 1860. लिहिलं 1883च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. छापलं गेलं 1907 साली, लेखक हयात नसताना, आणि तेही वैद्यांनी काटछाट करून, बदल करून. इंग्रजांचं राज्य होतं, भीती खोटी नव्हती. मोडीतली मूळ पोथी भारत इतिहास संशोधक मंडळाकडे पोचली आणि तिच्याबरहुकूम पुस्तक निघायला 1966 उजाडलं, दत्तो वामन पोतदारांच्या हातून. म्हणजे झाशी पडल्यापासून तिची हकिगत जशीच्या तशी लोकांसमोर यायला 108 वर्षं लागली. गोडसे स्वतः मात्र द्रव्याऐवजी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन वरसईला परतले आणि त्यांनी आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. कर्ज होतं तिथेच होतं.

पंचनामा उशिरा होणं नेहमी वाईटच, असं मात्र नाही. लगेच केलेल्या पंचनाम्यालाही मर्यादा असते, हे हिरोशिमावरच्या पुस्तकात फार स्वच्छ दिसतं. 6 ऑगस्ट 1945ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. पुढच्या वर्षी जॉन हर्सी नावाचा अमेरिकन पत्रकार तिथे गेला आणि त्याने फक्त सहा माणसं निवडली. 31 ऑगस्ट 1946च्या ‘न्यू यॉर्कर’च्या अंकात या एका लेखाशिवाय दुसरा मजकूर नव्हता. मृतांचा आकडा तो देतो, एक लाखाच्या घरातला. पण एक लाख ही संख्या माणसाच्या डोक्यात मावत नाही. सहा मावतात. एक कारकून मुलगी शेजारणीशी बोलायला मान वळवते आणि तेवढ्यात भिंत, छप्पर, पुस्तकांची कपाटं तिच्या पायावर कोसळतात. दोन डॉक्टर, दोन धर्मोपदेशक, आणि तीन मुलांची आई असलेली एका शिंप्याची विधवा. ही बाई घर सोडून पळताना काय करते? शिवणयंत्र उचलते आणि पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवते. जळू नये म्हणून. नंतर ते काढलं तेव्हा गंजून गेलं होतं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ओटीवर जाऊन बसले. वादळाच्या आदल्या रात्री आमच्या आळीतल्या एकीने अशीच आपली शिलाई मशीन गोधड्यांत गुंडाळून माजघरात ठेवली होती. घराचे पत्रे गेले आणि गोधड्यांनी दोन दिवस पाणी धरून ठेवलं.

हर्सीचं पुस्तक पहिल्यांदा जिथे संपतं तिथे बॉम्बला वर्ष झालेलं आहे. माणसं जखमांतून उठताहेत, वाचकाला वाटतं, चला, वाचले. 1985मध्ये हर्सी पुन्हा गेला, त्याच सहाजणांना त्याने शोधलं आणि पुस्तकाला नवा शेवटचा भाग जोडला. तेव्हा कळतं की शिंप्याच्या विधवेला पुढची कित्येक वर्षं सततचा थकवा होता, काम करवत नव्हतं, आणि बॉम्बग्रस्तांना सरकारी खर्चाने उपचार देणारा कायदा जपानमध्ये व्हायला 1957 साल उजाडलं. बारा वर्षं ती बाई ‘शाबूत’ होती. हे पुस्तक घ्याल तर जोडलेला भाग असलेली आवृत्ती घ्या. नुसतं पहिलं पुस्तक हा पहिल्या आठवड्यातला पंचनामा आहे.

त्यातलीच आणखी एक गोष्ट, जमिनीबद्दलची. महिनाभराने ती कारकून मुलगी शहरातून जाते तेव्हा तिला राखेवर सगळीकडे हिरवंगार दिसतं आणि अंगावर काटा येतो. झाडोरा वरून जळाला होता, मुळं जिवंत होती, आणि ती उसळून वर आली होती. सगळ्यात जास्त माजलेली वनस्पती आपल्या टाकळ्याच्या अगदी जवळच्या नात्यातली. पहिल्या पावसात टाकळ्याची भाजी खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हिरवं म्हणजे बरं, असंच वाटत आलेलं असतं. तिथे ते तसं नव्हतं.

‘वाडी’ या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. एक झाडांची, एक माणसांची. आणि दुसऱ्या वाडीत काय मोडतं ते मला सगळ्यात नीट सांगितलं ते अमेरिकेतल्या कोळसा खाणींच्या मुलखावरच्या पुस्तकाने. आपला आणि त्या मुलखाचा तसा काही संबंध नाही. वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक नावाचं एक अरुंद खोरं आहे, डोंगरातून वाहणारा ओढा आणि त्याच्या काठाने लहान लहान वस्त्या. वर खाणीच्या टाकाऊ मालाचा बांध घालून पाणी अडवलेलं. 26 फेब्रुवारी 1972च्या सकाळी पावसाने तो बांध फुटला. काळं पाणी सगळ्या खोऱ्यातून गेलं. 125 माणसं मेली. खोऱ्यात राहणाऱ्या सुमारे 5000 पैकी 4000 बेघर झाली. खाण कंपनी म्हणाली, ही देवाची करणी. लोक कोर्टात गेले आणि त्यांच्या वकिलांनी काय इजा झाली ते अभ्यासायला काय एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाला बोलावलं. (काय हे त्यांचं पहिलं नाव आहे, प्रश्न नव्हे. मीही पहिल्यांदा अडखळले.) 1976 साली त्यांचं पुस्तक आलं, ‘एव्हरीथिंग इन इट्स पाथ’.

एरिक्सन यांचं म्हणणं साध्या भाषेत असं. आघात दोन तऱ्हेचा असतो. एक माणसाच्या मनावर होतो: पाणी पाहिलं, मूल वाहून जाताना पाहिलं, झोप उडाली. हा आपल्याला समजतो. दुसरा माणसांमधल्या धाग्यांवर होतो आणि तो सावकाश होतो, इतका की झाल्याचं कळतही नाही. मी आहे, तूही आहेस, दोघांनाही खरचटलेलंसुद्धा नाही, पण ‘आपण’ म्हणून जे होतं ते राहिलेलं नाही. पुरानंतर सरकारने लोकांना चाकांवरची घरं दिली, चांगली दिली, लवकर दिली. फक्त वाटताना जो आधी आला त्याला आधी, असं केलं. शेजारी कोण, हे कुणी पाहिलं नाही. पिढ्यान् पिढ्या एका ओढ्याकाठी राहिलेले लोक अनोळखी लोकांच्या भिंतीला भिंत लावून राहू लागले. मग नवराबायकोची भांडणं वाढली, दुखणी वाढली, पाऊस आला की माणसं रात्रभर जागू लागली. पूर्वी यातलं बरंचसं शेजार सांभाळून घेत असे. कुणाचं डोकं फिरलं तर चार घरं त्याला सावरायची, आणि कुणालाही आपण काही विशेष करतोय असं वाटत नसे.

नारळ पडल्यावर भाजलेली सुपारी हीच.

आपल्याकडे 2005च्या 25-26 जुलैला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. 22 जुलै 2021ला तळिये गेलं, ऐंशीहून अधिक माणसं एका संध्याकाळी. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी आपण दोन आकडे वाचले: माणसं किती गेली आणि नवी घरं किती बांधणार. दोन्ही लागतातच, घराशिवाय कुणाचं चाललंय? पण एरिक्सन वाचल्यावर तिसरा प्रश्न सुचतो: पूर्वी कुणाचा ओटा कुणाच्या ओट्यासमोर होता, हे नव्या वस्तीच्या नकाशावर कुणी मांडलं का? त्याला पैसे लागत नाहीत. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन बसावं लागतं, एवढंच.

आता देश. इथे विषय जरा अवघड होतो, पण मराठीत त्यासाठी तयार शब्दजोडी आहे: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून आलेलं ते अस्मानी, राज्यकर्त्याकडून आलेलं ते सुलतानी. देशाच्या पातळीवरच्या चांगल्या पुस्तकांचं निम्मं काम या दोहोंची वाटणी करण्याचं असतं. खाण कंपनी ‘देवाची करणी’ म्हणाली ती याचसाठी, अस्मानी ठरलं की कुणी भरपाई मागत नाही.

अमर्त्य सेन यांचं 1981चं ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ हे या वाटणीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. पुस्तक अर्थशास्त्राचं आहे, तक्ते आहेत, पण गाभा कुणालाही कळेल असा आहे. 1943 साली बंगालात दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यू धरले सुमारे 15 लाख, सेन यांचा हिशेब 30 लाखांच्या जवळ जातो. सगळे समजत होते की धान्यच नव्हतं, म्हणून माणसं मेली. सेन यांनी धान्याचा हिशेब मांडला. 1943मध्ये उपलब्ध असलेलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फक्त 5 टक्क्यांच्या आसपास कमी होतं, आणि 1941पेक्षा तर 13 टक्के जास्त. 1941ला दुष्काळ नव्हता. मग माणसं मेली कशी?

समजा, आपल्याकडची एक कोळीण आहे. पाटीभर मासळी विकते आणि त्या पैशात घरच्यांपुरते तांदूळ आणते. तिच्या घरात भात पिकत नाही, तिचा भात म्हणजे तिची पाटी. युद्धाच्या खर्चाने बाजारात पैसा वाढला, शहरांत आणि लष्कराकडे तांदूळ ओढला गेला, साठेबाजांनी दाबून ठेवला, भाव काही पटींनी चढला. मासळीचा भाव तेवढा चढला नाही. उपाशी माणूस आधी मासळीच सोडतो. बाजारात तांदूळ समोर दिसतोय आणि तिची पाटी त्याच्या पासंगाला पुरत नाही. धान्य असणं वेगळं आणि त्या धान्यावर आपला हक्क पोचणं वेगळं, हे सेन यांचं म्हणणं. बंगालात सगळ्यात आधी कोण मेलं ते त्यांनी शोधलं, तर शेतमजूर, मासेमार, वाहतुकीवर जगणारे, न्हावी अशी माणसं होती. दुष्काळात दाढी-हजामत कोण करून घेतो? ज्यांच्या कणगीत स्वतःचा भात होता ते बरेचसे तगले.

मासेमारांवर तर आणखी एक सुलतानी होती. जपानी फौजा समुद्राकडून येतील या धास्तीने 1942मध्ये इंग्रज सरकारने किनारी बंगालातल्या दहापेक्षा जास्त माणसं नेऊ शकणाऱ्या होड्या काढून घेतल्या, कित्येक नष्ट केल्या. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला मोठं चक्रीवादळ आलं. वादळ अस्मानी खरं, पण होडी नसलेल्या कोळ्यावर येणारं वादळ आणि होडी असलेल्या कोळ्यावर येणारं वादळ एकच नसतं. हे मी आमच्या बंदरावर दोघा-तिघांना सांगितलं. त्यांना सेन कोण ते सांगायची गरज पडली नाही. त्यांनी फक्त विचारलं, “मग होड्या परत दिल्या काय?”

निसर्गनंतर राज्य सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली. कागदावर घसघशीत वाढ. आता एका हेक्टरात जवळजवळ 99 गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशेच्या आसपास, आमच्या बारा गुंठ्यांना सहा हजार. तेवढ्यात पडलेली झाडं कापून वाडीबाहेर काढण्याची मजुरीही सुटत नाही. इथे कुणी पैसे खाल्ले नाहीत की कुणी दुष्ट नव्हतं. मोजायचं माप घाटावरचं होतं आणि वाडी कोकणातली होती. सुलतानी नेहमी तलवार घेऊनच येते असं नाही, ती कधीकधी एककाच्या रूपाने येते.

देश आणखी एक गोष्ट करतात, गप्प बसतात. जर्मन लेखक डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांनी 1997 साली झुरिकला दिलेल्या व्याख्यानांत विचारलं होतं की दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीने जर्मनीतली शहरंच्या शहरं जळाली, लाखो नागरिक मेले, तरी जर्मन साहित्यात त्याबद्दल एवढं कमी का? त्यावर बरेच वाद झाले, पण प्रश्न टिकला. मला तो वाचताना रामदास बोट आठवली. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आवसेचा दिवस, सण करायला गावी निघालेली माणसं. चार आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला. त्या आनंदात आणि फाळणीच्या आगीत रामदासकडे पाहायला देशाला सवड नव्हती. अलिबाग-रेवसकडच्या घरांत मात्र ती आठवण आजीकडून नातवाकडे येत राहिली. झेबाल्ड ज्याला मौन म्हणतात ते बहुधा देशाचं असतं, घरांचं नसतं.

जमिनीबद्दल लिहायचं तर चेर्नोबिलशिवाय पुढे जाता येत नाही. 26 एप्रिल 1986ला अणुभट्टी फुटली ती युक्रेनमध्ये, पण किरणोत्साराचा मोठा वाटा वाऱ्याने शेजारच्या बेलारूसवर टाकला. स्वेतलाना अलेक्सिएविच तिथल्या. त्यांनी वर्षानुवर्षं लोकांशी बोलून 1997मध्ये पुस्तक केलं. त्यात लेखिका जवळजवळ नाहीच, नुसते आवाज आहेत: आगीच्या बंबावरच्या माणसाची बायको, सैनिक, शिक्षक, हाकलल्यावरही परत आलेल्या म्हाताऱ्या. 2015चं नोबेल त्यांना मिळालं ते अशाच कामासाठी. पुस्तकाच्या आरंभी एक तुलना आहे. महायुद्धात नाझींनी बेलारूसची 619 गावं माणसांसकट संपवली. चेर्नोबिलने 485 गावं आणि वस्त्या घेतल्या, त्यातली 70 कायमची पुरून टाकली. पुरून, अक्षरशः. खड्डे खणून घरं गाडली, विहिरी गाडल्या, मातीचा वरचा थर सोलून तो मातीतच गाडला.

म्हातारीला सांगतात, घर सोड. ती बघते, तर आभाळ निळं, बटाटे चांगले आलेत, गाय दूध देतेय. कुठे काय मोडलंय? वादळात निदान दिसतं तरी. जमिनीत मुरलेल्या किरणोत्सारी सीझियमचा जोर निम्मा व्हायलाच तीस वर्षं लागतात. तीस वर्षं म्हणजे आपल्याकडे एका पिढीच्या हातून वाडी दुसऱ्या पिढीच्या हाती जाण्याचा काळ.

आपल्याकडे पेण-अलिबागकडच्या खारपाट्यात हे थोडं लहान प्रमाणात रोजचंच आहे. खाडीचा बांध फुटून खांड पडली की उधाणाचं पाणी भातखाचरात शिरतं. पाणी ओहोटीला निघून जातं, फोटो काढणारेही जातात. मीठ राहतं. पुढे किती पावसाळे ते धुपायला लागतील ते खांड किती दिवसांत बुजवली यावर असतं, आणि दरम्यान खाचरात कांदळवन उगवलं की ती जमीन भाताची होती हे सिद्ध करायलाच कागद नाचवावे लागतात. याहूनही सावकाश मोडणाऱ्या गोष्टी आहेत. कारखान्याच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी वर्षागणिक कमी होणं, ही कुठल्याच दिवशीची बातमी नसते. रॉब निक्सन या अभ्यासकाने 2011च्या पुस्तकात अशा नासाडीला ‘संथ हिंसा’ या अर्थाचं नाव दिलं. पुस्तक बोजड आहे, पण नाव कामाचं आहे. तारीख नसलेल्या संकटाचा पंचनामा कुठल्या दिवशी करायचा, हा त्यातला पेच.

मराठीत या वाटेने जायचं असेल तर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ घ्या, 1991ची, धरणाने उठवलेल्या गावाची कादंबरी. कोयनेचे उठलेले लोक रायगड-ठाण्यात येऊन राहिलेत, त्यामुळे आमच्याकडे ती वाचणाऱ्यांत कुणी ना कुणी ‘आमच्या आजोबांचं असंच’ म्हणणारा निघतो. वाचनालयातली प्रत पार खिळखिळी झाली आहे.

काही पुस्तकं मी अर्ध्यात ठेवली, तेही सांगून टाकते. ज्यात तिसऱ्याच पानावर लोक ‘जिद्दीने पुन्हा उभे’ राहतात ती. वादळानंतर महिनाभरात ‘कोकणी माणूस पुन्हा उभा राहिला’ असे मथळे आले होते, तेव्हा आमच्याकडे अजून ताडपत्री होती. ज्यात लेखकालाच सगळ्यात जास्त रडू येतं, तीही ठेवली. आणि ज्यात मेलेल्यांचं वर्णन बारकाईने आहे पण उरलेल्यांनी दुसऱ्या दिवशी चूल कशावर पेटवली ते नाही, तीही.

पुस्तकं स्वतःही यातून सुटत नाहीत. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं. 2005च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी त्यात शिरलं होतं, 22 जुलै 2021ला पुन्हा शिरलं आणि ग्रंथांचा लगदा झाला. झाशीच्या पोथ्यांसाठी हळहळलेल्या गोडसे भटजींची आठवण मला त्या बातमीने झाली. आमचं वाचनालय उंचावर आहे. तिथे पाणी येत नाही, वाळवी येते.

सासूबाईंनी ती पंचनाम्याची प्रत देवघरातल्या फडताळात जपून ठेवली आहे. वादळानंतरच्या पावसाळ्यात मी दापोलीहून रातांब्याचं कलम आणू म्हटलं होतं. कलमाला लवकर फळं येतात आणि ते मादीच असतं. बीपासून केलेल्या रोपाचं तसं नसतं, निम्मी झाडं नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं कळत नाही. सासूबाई ऐकेनात. पडलेल्या झाडाखालीच त्याच्या बिया पडून रुजल्या होत्या, त्यातली दोन रोपं त्यांनी धरली. त्यातल्या एकाला यंदा पहिल्यांदा फुलं आली. नर आहे.

तोडू का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “राहूं दे गं. त्याच्या सावलीला सुपारी लावू. दुसऱ्याचं पुढल्या साली बघू.”